माधवदादांचा पाना

१

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, हे उल्हासला शिकवलं ते माधवदादांनीच. आई-वडिलांबरोबर कोल्हापूरहून इंग्लंडात वॉटफर्डला आला तेव्हा उल्हास शाळकरी होता, त्यामुळे सणवार त्याला कॅलेंडरवरच्या लाल आकड्यांपुरतेच ठाऊक. पण मिल्टन कीन्सला येऊन माधवदादांच्या हाताखाली बॉयलरचं काम शिकायला लागला, आणि पहिल्याच वर्षी दादांनी त्याची सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडून घेतली. पाने, ब्रश, प्रेशर गेज, सगळ्यांना हळदकुंकू. "वर्षभर ही आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना बसू दे," असं ते म्हणाले होते. उल्हासला ते फार आवडलं. तेव्हापासून एकही नवमी त्यानं चुकवली नाही.

शहराबाहेरच्या खेड्यांत गॅसची लाइन गेलेली नाही. तिथे घरामागे एक हिरवी टाकी असते, टाकीत रॉकेल, आणि त्या रॉकेलवर चालणारा बॉयलर घर तापवतो. बॉयलरचा जीव म्हणजे त्याचा बर्नर, आणि बर्नरचा जीव म्हणजे नॉझल. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, टोकाला दिसेल न दिसेल असं भोक. त्यातून रॉकेल धुक्यासारखं उडतं आणि पेटतं. घरी स्टोव्हला पिन मारायची सवय असलेला माणूस इथेही पिन घेऊन बसतो आणि तिथेच फसतो. हे भोक साफ करायचं नसतं. दरवर्षी जुनं नॉझल काढून नवं बसवायचं, आणि बसवताना त्याच्या टोकाला बोट लागू द्यायचं नाही. हेही दादांनीच शिकवलेलं. थोडक्यात, उल्हासच्या हातात जी काही कला होती ती दादांची होती, आणि तो तसं चारचौघांत सांगतही असे.

दादांची एकच गोष्ट लोकांना विचित्र वाटायची. अख्ख्या परगण्याची घरं ऊबदार ठेवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर बर्फासारखं गार. रेडिएटरला हात लावला तर चटका बसे, पण खोलीत दात वाजत. दादा घरात ओव्हरकोट घालून बसायचे. मराठी मंडळातले लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार. माधवरावांकडे चहाला जायचं तर मफलर घेऊन जा. दादा हसायचे, रेखावहिनी हसायच्या नाहीत.

वहिनींच्या न हसण्याला कारण होतं. त्यांची मुलगी ऋजुता चार वर्षांची असतानाच गेली. त्याला खूप वर्षं झाली होती. त्या माउलीनं सगळी माया मग उल्हासच्या ईशितावर ओतली. ईशिता दोन वर्षांची. त्या सप्टेंबरात, बाहेर लोक बाह्या गुंडाळून फिरत असताना, वहिनी एक मोठी पिशवी घेऊन आल्या. आत लोकरीचे स्वेटर, टोप्या, मोजे. एकाच मापाचे नव्हेत, या वर्षीचे, पुढच्या वर्षीचे, त्याच्या पुढच्या. उल्हासची बायको स्वाती म्हणाली, "वहिनी, एवढे कशाला? आणि अजून तर ऊन आहे." वहिनींनी सगळ्यात मोठा स्वेटर घडी करून वर ठेवला.

"याच्यापुढचं माप मला येत नाही गं," त्या म्हणाल्या.

स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गेल्यावर ती बराच वेळ ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

२

नवमी रविवारी आली. उल्हासनं सकाळीच हत्यारं मांडली, ईशितानं कुंकवाची बोटं उमटवली, काही हत्यारांवर आणि बरीचशी कार्पेटवर. तेवढ्यात दादांचा फोन आला, जरा येऊन जा म्हणून.

दादा किचनच्या टेबलाशी बसले होते, अंगात कोट. म्हणाले, ऑर्चर्ड एंडचा बॉयलर बंद पडलाय, मिसेस पेनफोल्ड म्हातारी आहे, एकटी असते, आज जाऊन नॉझल बदलून ये. ऑर्चर्ड एंड हे दादांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाकी सगळी गिऱ्हाइकं त्यांनी हळूहळू उल्हासला देऊन टाकली होती, पण तिथे मात्र ते कधी कोणाला पाठवत नसत.

उल्हास म्हणाला, "दादा, आज नवमी आहे. हत्यारं पूजेत बसली आहेत."

"माझी घेऊन जा," दादा म्हणाले. "मी आता काम सोडलं. माझी कुठे पूजेला बसवणार?"

त्यांच्यासमोर टेबलावर पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला त्यांचा पाना होता, त्याच्याशेजारी नव्या नॉझलची डबी, आणि खाली बाकीच्या हत्यारांची पिशवी. उल्हासनं हात पुढे केला. दादांनी पाना उचलून दिला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाले, "तुझ्या हातानं घे." मग म्हणाले, "तुझा हातगुण चांगला आहे."

उल्हासला खटकलं. नवमीला काम, तेही दादांच्या तोंडून. पण ज्यानं हाताला धरून शिकवलं त्याला नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं त्याची आई म्हणायची. ते त्याला त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की म्हातारी बाई थंडीत बसली आहे, देव एवढं समजून घेईल. त्यानं पाना उचलला. दाराशी रेखावहिनी उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे न बघता आत निघून गेल्या.

३

ऑर्चर्ड एंड बकिंगहमच्या रस्त्याला, गाव संपल्यावर एका बोळाच्या टोकाला होतं. दगडी, बसकं घर. मिसेस पेनफोल्ड सुरकुतलेल्या चेहऱ्याची आनंदी बाई. तिनं दार उघडताच विचारलं, तुम्हीच का ते, ज्यांना छोटी मुलगी आहे? उल्हास हो म्हणाला. दादांनी सांगितलं असेल. तिनं खूश होऊन त्याला घरामागच्या बॉयलरच्या खोलीत नेलं आणि चहा टाकायला गेली.

सवयीप्रमाणे त्यानं आधी टाकी बघितली. काटा पूर्ण भरल्याचं दाखवत होता. पण टाकीचं झाकण गंजून घट्ट बसलेलं, आणि झाकणावर शेवाळ. टँकरवाल्यानं इथे पाइप लावून कित्येक वर्षं झाली असणार. काटा अडकला असेल, असं त्यानं ठरवलं. पण टाकीवर थाप मारली तर आवाज भरल्या टाकीचाच आला.

मग बॉयलर. उल्हासनं चालू करून पाहिला. या बर्नरला एक डोळा असतो. बटण दाबलं की आधी नुसता पंखा फिरतो, आत साचलेला धूर बाहेर ढकलतो. तेवढ्या वेळात आत काळोख असायला हवा. मग ठिणगी, मग रॉकेल, मग ज्योत, आणि ज्योत दिसली की डोळ्याचं समाधान. ठिणगीच्या आधीच त्याला उजेड दिसला, तर काहीतरी भलतंच आहे असं समजून बर्नर आपण होऊन बंद पडतो आणि लाल दिवा लागतो.

पंखा फिरला. लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. उल्हासनं डोळा बाहेर काढला, पुसला, त्यावर अंगठा धरून बटण दाबलं. पंखा फिरत राहिला, पुढे ठिणगीचा तडतड आवाजही आला. म्हणजे डोळा चांगला होता. अंगठ्याखाली त्याला काळोख दिसत होता आणि बॉयलरच्या आत उजेड दिसत होता.

थंड बॉयलरच्या पोटात उजेड कुठून येणार? धुराड्यातून ऊन पडलं असेल. त्यानं बाहेर जाऊन पाहिलं. आभाळ भरून आलेलं होतं, आणि धुराड्यावर टोपी होती.

४

त्यानं वीज तोडली, फ्यूज काढून खिशात टाकला. हाही दादांचाच नियम, हात बर्नरमध्ये असताना फ्यूज आपल्या खिशात हवा. रॉकेलचा कॉक बंद केला, नट सैल केले आणि बर्नर बाहेर ओढला. भिंतीएवढ्या जाड लोखंडात एक गोल काळं तोंड उघडलं.

ते पुरतं काळं नव्हतं. आत, मागच्या पत्र्यांच्याही पलीकडे, जेवढं अंतर त्या बॉयलरला असूच शकत नाही तेवढ्या लांब, पिवळा उजेड होता. उल्हास गुडघ्यांवर बसला आणि त्यानं आपला डोळा त्या तोंडाशी नेला. झालर लावलेल्या शेडचा एक दिवा. दिव्याखाली खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोरं कोणीतरी. अंगात कोट. ते माणूस हातांवर फुंकर घालत होतं.

तो मागे सरकला. टॉर्चचं प्रतिबिंब, तो स्वतःला म्हणाला. काजळी चकाकते, त्यात काहीही दिसतं. टॉर्च मात्र खाली पिशवीत होता, बंद.

त्या वेळी उठून गाडीत बसायला काय हरकत होती? पण माणूस सवयीचा गुलाम. भीती वाटली की हात ओळखीचं काम शोधतात. उल्हासनं एका पान्यानं नळी धरली आणि दादांच्या पान्यानं जुनं नॉझल फिरवलं. ते इतकं गार होतं की कातडी चिकटली. नवं नॉझल डबीतून काढलं, टोकाला बोट न लावता बसवलं, आवळलं. शेवटचा वेढा बसला आणि आतला उजेड गेला. कोणी आपल्या घरात झोपायच्या आधी दिवा मालवावा तसा, सहज.

बर्नर परत बसवला, फ्यूज घातला. पहिल्याच झटक्यात पेटला. ज्योतीचा आवाज इतका गोड आणि एकसारखा होता की उल्हासला क्षणभर बरं वाटलं. मिसेस पेनफोल्ड चहा घेऊन आली तेव्हा तिचे गाल गुलाबी झाले होते. म्हणाली, किती छान, लगेच ऊब आली बघा. ते आधीचे गृहस्थ, बिचारे, इथे कधी कोट काढत नसत.

उल्हास निघाला तेव्हा व्हॅनचा हीटर पूर्ण सोडला, तरी घरी पोचेपर्यंत त्याच्या पायांना ऊब आली नाही.

५

त्याचं घर शहरातलं, गॅसवरचं, आणि तो बॉयलर त्यानंच बसवलेला. संध्याकाळी स्वाती म्हणाली, हीटिंग बंद पडलंय का बघ. बंद नव्हतं. रेडिएटरला हात लावला तर चटका बसला. पण हात वीतभर मागे घेतला की हवा विहिरीतल्यासारखी. त्यानं पाणी तपासलं, पंप तपासला, थर्मोस्टॅट बदलला. बाहेर ऑक्टोबरची छान ऊबदार संध्याकाळ होती, शेजारचे बागेत बसले होते. स्वाती ईशिताला घेऊन बागेत गेली. तिथेही पोरीचे हात गारच राहिले.

दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षी माधवदादा आणि रेखावहिनी सोनं द्यायला यायचे. या वर्षी आले नाहीत. उल्हासनं फोन केला, कोणी उचलला नाही. रात्रभर ईशिता दोघांच्या मधे झोपली, आणि सकाळी तिच्या ओठांचा रंग बघून स्वातीनं डॉक्टर गाठला. डॉक्टरनं पुन्हा पुन्हा तपासलं. मुलीला काही झालेलं नाही, म्हणाला, फक्त ती गार आहे. तिला ऊबदार ठेवा.

उल्हास तिथूनच थेट दादांकडे गेला. पाना फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला होता. अजूनही त्याच्या मनात होतं की दादांना विचारू, दादा काहीतरी सांगतील, बॉयलरचं असं कोणतं कोडं आहे जे त्यांना सुटत नाही?

दार रेखावहिनींनी उघडलं. त्यांच्या हातांना पीठ होतं आणि कपाळावर घाम. वर्षानुवर्षं निळसर दिसणारे ते हात आज चांगले लालबुंद होते. आतून ऊब आली, ओव्हनचं दार उघडल्यासारखी. खुंटीवर कोट नव्हता. दादा नुसत्या गंजीफ्रॉकवर खुर्चीत बसले होते आणि मागे झालर लावलेल्या शेडचा दिवा होता.

तो दिवा उल्हासनं हजारदा पाहिला होता. आता पाहिला आणि त्याला बॉयलरचं ते गोल काळं तोंड आठवलं.

त्यानं पाना टेबलावर ठेवला. दादांनी हात मांडीखाली घेतले. "परत नको देऊस," ते म्हणाले. "मी घेणार नाही."

"मी जाऊन ते नॉझल काढून टाकतो, दादा."

"काढू नकोस." दादांचा आवाज फाटला. "मी एकदा काढून बघितलं होतं. ऋजुता तेव्हा चार वर्षांची होती."

आत वहिनींच्या हातातलं लाटणं पोळपाटावर थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा फिरायला लागलं.

उल्हासला खूप बोलायचं होतं. तुम्ही मला पोरासारखं वाढवलंत, माझ्या लग्नात मांडवात उभे राहिलात, माझी पोर तुमच्या कोटात शिरून खेळली, असं सगळं. त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "मीच?"

दादा जमिनीकडे बघत राहिले. "रेखाची बोटं काळी पडायला लागली होती," ते म्हणाले. "हा पाना नवमीलाच हात बदलतो, आणि दुसऱ्या कोणी माझ्या शब्दावर त्या दिवशी तो उचलला नसता."

ज्याला परकं मानलं असतं त्याच्यावर राग तरी काढता आला असता. उल्हासला रडू आलं, आणि त्या माणसासमोर रडावं लागतंय याची त्याला लाज वाटली. त्यानं पाना उचलला. जाताना वहिनी दोन पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून घेऊन आल्या, ईशूला दे म्हणाल्या. त्यानं त्या घेतल्या नाहीत.

६

घरी न जाता तो ऑर्चर्ड एंडला गेला. मिसेस पेनफोल्ड बाह्या वर करून गुलाबांची छाटणी करत होती. तिनं त्याला हात केला. त्यानं वीज तोडली, फ्यूज खिशात टाकला, बर्नर ओढून काढला आणि गुडघ्यांवर बसला.

आत उजेड होता. आता पांढरा, ट्यूबलाइटचा. त्याच्या हॉलमधला. सोफ्याचा निळा कोपरा त्यानं ओळखला. पाटावर मांडलेली त्याची हत्यारं तशीच होती, त्यांच्यावर ईशिताची कुंकवाची बोटं. पाठमोरी स्वाती, अंगात त्याचं जाड जॅकेट. तिच्या कडेवर लोकरीचं एक मोठं गाठोडं, आणि त्या गाठोड्यातून एक छोटा चेहरा तिच्या खांद्यावरून सरळ त्याच्याकडे बघत होता.

त्यानं पाना नॉझलवर चढवला. एक फिरकी आणि सुटलं असतं. ट्यूब लुकलुकली. त्यानं हात थांबवला.

आतल्या स्वातीनं फोन कानाला लावला. त्याच्या खिशातला फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" स्वाती म्हणाली. "आणि इथे लाइट्स फ्लिकर होताहेत. ईशू मघापासून रेडिएटरकडे बोट दाखवून बाबा, बाबा करतेय. मला भीती वाटतेय रे."

"तिला गुंडाळून ठेव," उल्हास म्हणाला. "वहिनींचे स्वेटर घाल."

"घातले. एकावर एक सगळे घातले. सगळ्यात मोठा होता ना, तोसुद्धा वरून घातला. तरी ती गारच आहे." आतली स्वाती वळली, आणि तिचा चेहरा त्याला दिसला. "आता याच्यापुढचा नाहीये, उल्हास."

त्यानं पाना नॉझलवरून काढला. काढताना धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात वापरले. बर्नर जागेवर बसवला, नट आवळले, खिशातला फ्यूज घातला आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. पंखा फिरला, ठिणगी पडली, ज्योत लागली. तो भिंतीला टेकून, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून ऐकत बसला. थोड्या वेळानं आतून खिडक्या उघडल्याचा आवाज आला. मिसेस पेनफोल्डला उकडत होतं.